गंगेपलीकडच्या गिरजाघराला दिलेला सल्ला

सकाळी आठच्या आत पूल ओलांडला नाही तर रामनगरला पोचेपर्यंत दुपार होते, असं भालूने आदल्या दिवशीच बजावलं होतं. भालू माझा मामेभाऊ. त्याचं घराणं कित्येक पिढ्या काशीत पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीत राहतं. घरात अजून मराठी चालते, पण तिच्यात हिंदी इतकी मिसळलेली की नव्या माणसाने गोंधळूनच जावं. "दादा, चल निकल लवकर! जाम लागला की मग पुलावरच सडत बसायचं," म्हणत त्याने मला स्कूटरवर मागे बसवलं. नोव्हेंबर संपत आला होता. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

मी मोठ्या ऐटीत निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. बारा वर्षांपूर्वी असाच भालूकडे आलो असताना त्याने मला रामनगरच्या पुढे एका खेड्यातलं जुनं प्रोटेस्टंट गिरजाघर दाखवलं होतं. मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. दर पावसाळ्यात भिंतींच्या चुन्याला पोपडे सुटतात, काय करावं, असं तिथल्या लोकांनी विचारलं. मी दोन मिनिटांत निकाल दिला: चुना खरवडून काढा, पक्कं सिमेंटचं प्लास्टर करा, पन्नास वर्षं बघायला नको. त्यांनी तसं केल्याचं पुढे भालूकडून कळलं. आता निवृत्त झाल्यावर आपलं काम कसं टिकलंय ते डोळे भरून पाहावं, म्हणून हा प्रवास. रस्ताभर मी भालूला सिमेंटचे गुण ऐकवत होतो आणि तो बिचारा "हो, हो" करत होता.

रामनगरच्या बाजारात चूड़ा-मटर (मटार घातलेले तुपातले पोहे) खाल्ले. हळद नाही, कांदा नाही, वर गरम मसाला आणि आल्याचे काप. आपल्या पोह्यांचा हा काशीचा चुलतभाऊ थोरला निघाला, हे मान्य करावं लागलं. पुढे गाव दोन कोसांवर राहिलं आणि मागचं चाक बसलं. पंक्चरवाला सापडेपर्यंत आम्ही मोहरीच्या शेतांमधून स्कूटर ढकलत गेलो. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतका मी खुशीत होतो.

गावाचं नाव देत नाही. कारण पुढे कळेल.

गिरजाघर गावाबाहेर आंब्याच्या बागेत आहे. इंग्रजांच्या काळात कुणा पाद्र्याने बांधून घेतलेलं. आराखडा त्याचा, हात मात्र इथल्या कारागिरांचे, आणि ते जागोजाग दिसतं. खिडक्यांच्या कमानी विलायती, टोकदार; पण दाराशी असलेल्या खांबांच्या तळाशी देवळात असतात तशा कमळाच्या पाकळ्या. भिंती हातभर जाड, लखौरी (पातळ, चपट्या जुन्या) विटांच्या, चुना आणि सुरखीत (विटांच्या पुडीत) बांधलेल्या. वर सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) आणि खापरी कौलं. मनोरा नाही, छपराच्या टोकावर एक छोटी घंटा. जमीन चुनारच्या दगडाची. लोक चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात आणि ढोलकीवर भोजपुरीत भजनं म्हणतात. पहिल्यांदा आलो तेव्हा मला ही इमारत फार आवडली होती. आवडलेल्या वस्तूचं आपण काय करतो ते पाहा.

लांबूनच पांढऱ्याऐवजी काळपट हिरवा रंग दिसला. जवळ गेलो तर सिमेंटच्या प्लास्टरचे पोपडे भिंतीपासून सुटून लोंबत होते. एका जागी मी बोट लावलं आणि वीट भाकरीच्या पिठासारखी भुरूभुरू खाली आली. आतली भिंत ओली. वेदीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग, आणि तिला बाहेरून बांबूंचे टेकू.

चावी शांती चाचींकडे असते. सत्तरी उलटलेली बाई, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला ओळखलं नाही. आम्हाला ओट्यावर बसवलं, गूळ आणि पाणी दिलं.

"देख लीजिए साहब," त्या म्हणाल्या. "यह आखिरी बड़ा दिन (नाताळ) है. उसके बाद गिरा देंगे."

मी विचारलं, असं कशाने झालं?

"महाराष्ट्र से एक इंजीनियर साहब आए रहे. बहुत भले आदमी. वो बता गए कि सीमेंट लगा दो. अब उनका क्या दोष, वो तो पढ़े-लिखे आदमी. काम तो सुखई मिस्त्री ने किया. सब कहते हैं, उसने सीमेंट बेच खाया, बालू भर दिया."

भालूने माझ्याकडे पाहिलं. मी गुळाचा खडा हातात धरून बसलो.

सुखई मिस्त्री मला आठवले. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. ते महादेवाचे भक्त, पण दर वर्षी दिवाळीनंतर गिरजाघराची पुताई (चुना देणं) त्यांच्याच हातची. चुना महिनाभर भिजत घालायचा, त्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालायचा. मग सगळं गाव जमायचं. बायका चुना घोटायच्या, पुरुष शिडीवर, आणि संध्याकाळी एकत्र खिचडी. मी सल्ला दिला तेव्हा सुखई मागे उभे होते. "साहब, यह दीवार जमीन का पानी पीती है, तो छोड़ती भी है. सीमेंट छोड़ने नहीं देगा," असं ते म्हणाले होते. आणि मी, सगळ्यांच्या देखत, "चाचा, जमाना कहाँ पहुँच गया!" म्हणून हसलो होतो. लोकही हसले होते. साहेब हसला की हसावं लागतं.

त्यांचं अक्षर न् अक्षर खरं होतं. ओल आत कोंडली आणि विटा कुजल्या. वाळूचा दोष नव्हता. मी पापुद्रा चोळून पाहिला, माल चोख होता. सुखईंनी न पटलेलं कामही इमानाने केलं होतं.

"मिस्त्री हैं क्या?" मी विचारलं.

"चैत में चले गए. किसी ने काम नहीं दिया फिर. मिट्टी (अंत्ययात्रा) में भी कोई नहीं गया. हम भी नहीं गए. लड़का भी मिस्त्री है. उसको आज तक सीमेंटचोर का बेटा कहते हैं."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "चाची, वो इंजीनियर मैं हूँ," मी म्हणालो. "गलती मेरी थी. मिस्त्री की नहीं. उन्होंने मना किया था."

त्या रागावतील, रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पदर नीट केला. "हमसे कहने से क्या होगा बेटा? हम तो मान लिए. इतवार (रविवार) को सब लोग आते हैं. लड़के को भी बुला लेंगे. वहीं खड़े होकर कह दीजिए. दुइ मिनट का काम है."

दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी गुरुवार होता. माझी गाडी शनिवारची.

"टिकट है," मी म्हणालो.

चाची गुळाची वाटी उचलून आत गेल्या.

परतताना स्कूटर चालवता चालवता भालू म्हणाला, "दादा, टिकट कॅन्सल करून टाकू का? वहिनीला मी फोन करतो. तीन दिवस अजून राहशील, काय फरक पडतो." मी म्हणालो, या दिवसांत दुसरं आरक्षण मिळत नाही. त्याने तत्काळमध्ये मिळेल म्हटलं. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. मग त्याने स्कूटरचा वेग वाढवला. शुक्रवारी त्याच्या बायकोने माझ्यासाठी श्रीखंड केलं. ते मला गोड लागलं नाही, पण मी दोनदा घेतलं. शनिवारी मी गाडीत बसलो. भालूने खिडकीतून हात हलवला, नेहमीच्या मायेने, आणि त्याचीच मला अधिक लाज वाटली.

घरी येऊन महिना झाला. नाताळ होऊन गेला. टेकू काढून भिंत पाडली असेल. तिचं मला फार दुःख आहे, पण भिंत मी वाचवू शकलो नसतो. सुखईंचं नाव वाचवता आलं असतं. चाळीस-पन्नास माणसांसमोर उभं राहून, डोक्यावरची टोपी काढून, मोडक्या हिंदीत चार वाक्यं बोलायची होती. ज्याला हसलो त्याच्या मुलासमोर ती बोलायची मला हिंमत झाली नाही, एवढंच खरं. गाडी आणि गुडघे हे सगळं निमित्त.

म्हणून हे लिहून काढलं. सुखई मिस्त्रींनी सिमेंट चोरलं नाही, चूक माझी होती, हे इथं स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. लिहून झाल्यावर जरा हलकं वाटलं. मग ध्यानात आलं की मी हे मराठीत लिहिलं आहे, आणि त्या गावात मराठी कुणालाच वाचता येत नाही.