पास्कलकाकांची केळ

बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मराठी घरं. शुक्रवारी चहाला जमलो की कुणीतरी पास्कलकाकांचा विषय काढतं आणि दुसऱ्यांदा आधण ठेवावं लागतं! काका सित्र्याला एका कंपनीत स्टोअरकीपर. मन मात्र अजून वसईच्या वाडीतच.

*

पाहुणा आला की काका जेवणाच्या टेबलावर वसई मांडतात. आमटीचं पातेलं म्हणजे समुद्र. त्याला लागून पोळ्यांचा डबा, म्हणजे केळीच्या वाड्या. पलीकडे भाताचं भांडं, म्हणजे अर्थातच भातशेती! भूगोल संपेपर्यंत समुद्र हलवायचा नाही. पाहुणा आमटी मागून दमतो.

*

माझ्या मुलीला शाळेत 'माय नेटिव्ह प्लेस' प्रोजेक्ट होता. नकाशा, पिकं, विहिरी, सगळं झकास. ए ग्रेड! फक्त गाव वसई. आम्ही साताऱ्याचे!

"अगं, आपलं गाव कुठंय यात?"

"बट पप्पा, यू नेव्हर टोल्ड मी एनिथिंग!"

खरंच होतं ते.

*

इथलं जमिनीतलं पाणी खारट. म्हणून काकांनी पाचही घरांच्या एसीचं पाणी नळ्यांनी एका ड्रममध्ये आणलं आणि बिल्डिंगमागे अळू आणि एक केळ लावली. नियम एकच, ज्याच्या एसीचं पाणी जास्त त्याला पानं जास्त. गणपतीत शेजारच्या कुलकर्णींनी एसी सोळावर ठेवला. वहिनी स्वेटर घालून अळूवड्या तळत होत्या!

*

जुलैत आम्ही साताऱ्याला गेलो. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. मला वाटलं, घर फुटलं!

"अरे, एसी बंद करून गेलास? केळ तहानलीय!"

*

ही केळ म्हणजे काकांचा जीव. चार वर्षं नुसती पानं. यंदा काकांची रिटायरमेंट महिन्यावर आली आणि केळ निसवली, घड बाहेर पडला! काकू बॅगा भरत होत्या, काका घडाखाली खुर्ची टाकून बसायचे.

"पहिली फणी चर्चमध्ये द्यायची असते रे. मी गेल्यावर कोण देणार?"

आम्हालाही फार वाईट वाटलं.

शेवटी काकांनी कंपनीत दोन महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज दिला. कारण? केळी पिकायची आहेत! सोबत घडाचा फोटो.

"काका, तब्येतीचं काहीतरी लिहायचं होतं!"

"केळीसाठी खोटं बोलू?"

एचआर मॅनेजर बहरीनी, एरवी कुणाला एक दिवस जास्त न देणारे. त्यांनी अर्ज वाचला. चष्मा पुसला. फोटोवर बोट ठेवून एकेक फणी मोजली. सात. मग पेन उचललं आणि अर्जातले दोन महिने खोडले.

"दो महीना मफी, नहीं चलेगा, पास्कल. तीन लगेगा!"