वरून समुद्र दिसतो

यसावती अक्कानं सगळा देश पाहिला तो पातेल्याच्या मागं बसून. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. आमच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, वेलिगामकडच्या गावातून दरवर्षी पोसोनची, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा झाली की यात्रेची बस निघते. अनुराधपुराचा बोधिवृक्ष, मिहिंतलेचा डोंगर, मग सीगिरियाचा कडा आणि शेवटी कँडीला दळदा मालिगावा, बुद्धाच्या दाताचं देऊळ. चार दिवस आणि पन्नास माणसं. त्या पन्नासांचा स्वयंपाक एकटी अक्का करते, तेही एकोणतीस वर्षं. बाकीचे पांढरे कपडे घालून दर्शनाला जातात तेव्हा ती तीन दगड मांडून चूल पेटवते. भात, डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, खोबऱ्याची चटणी. भात शिजला की पहिली मूद बुद्धपूजेसाठी केळीच्या पानावर बाजूला काढते, हात जोडते, आणि मगच दुसऱ्या कुणाच्या भुकेचा विचार करते.

पण बसमध्ये राज्य तिचं. सुगतपाल ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ती आमच्याकडे तोंड करून बसते आणि पुढच्या मुक्कामाचं वर्णन करते. सीगिरियाचं तर असं करते की ऐकणाऱ्याचे पाय बसमध्येच दुखायला लागावेत.

"पायऱ्या बाराशे. घाई करायची नाही. मधे गोल फिरणारा लोखंडी जिना. तो चढलात की भिंतीवर रंगवलेल्या बायका. हातात फुलं आहेत. कुठं निघाल्यात म्हणून वाद घालू नका, देवळातच निघाल्यात. फुलं घेऊन बाई दुसरीकडं कुठं जाईल?"

"घरी नवऱ्याला द्यायला," मागून कुणीतरी म्हणायचं.

"तुझ्या नवऱ्याला फुलं दिली तर तो भाजी करायला सांगेल. ऐक पुढं. मग सिंहाचे पंजे. तिथं तोंड बंद! वर कड्याला आग्या मोहोळाची पोळी आहेत, आवाज झाला की सगळी उठतात. आणि अगदी माथ्यावर पोचलात की दक्षिणेकडं तोंड करून उभं राहा. आभाळ स्वच्छ असेल तर आपल्या वेलिगामचा समुद्र दिसतो."

मी सून होऊन या गावात आले त्या पहिल्याच वर्षी माथ्यावर दक्षिणेकडं तोंड करून उभी राहिले. रान दिसलं, तळी दिसली, लांबवर निळे डोंगर दिसले. समुद्र काही दिसेना. खाली आले तर अक्का डाव तसाच हातात धरून विचारते, "दिसला ना?" तिचा चेहरा बघून माझ्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, "जरा धुकं होतं, अक्का." मला वाटलं, आपलीच नजर अधू.

दोन वर्षांनी माझा पाय मुरगळला म्हणून मी खाली चुलीजवळच थांबले. तेव्हा पाहिलं, वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती खोदून खोदून विचारत होती. वारा किती होता, तळ्यात पाणी होतं का, पंजाच्या नखावर हात ठेवला का. मी म्हटलं, "अक्का, तू तर सगळं पाहिलंयस." ती शेंगदाण्याचं फोल फुंकावं तशी हसली. "मी कुठं गं गेले वर? पहिल्या वर्षी निघाले होते. खालच्या बागांपर्यंत पोचते तोच आरडाओरडा झाला. माकडांनी भाताचं पातेलं आडवं केलं होतं. पन्नास माणसं बिस्किटं खाऊन कँडीला गेली. तेव्हा बुद्धाला शब्द दिला, पुन्हा पातेलं सोडणार नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. मी पाहिलंय असं समजून लोक ऐकतात."

मी कुणाला सांगितलं नाही. सगळे धरून चालले होते की तरुणपणी ती दोन-चारदा तरी चढली असणार.

या वर्षी पोडीनोना आच्ची, म्हणजे आजी, पहिल्यांदा यात्रेला आली. गावातली सगळ्यात म्हातारी, वय अठ्ठ्याहत्तर, हाडं काटक, एका डोळ्यात मोतीबिंदू. कळुतरच्या बोधिवृक्षाशी बस थांबली, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून सुगतनं नेहमीसारखं नाणं वाहिलं, तेव्हापासून ही अक्काच्या शेजारी चिकटली ती सुटेना. सीगिरियाला सकाळी सातला पोचलो. अक्का दगड मांडायला लागली तर आच्चीनं तिचा हात धरला.

"चल."

"कुठं, आच्ची?"

"वर. तू हात धरलास तर मी चढते. दुसऱ्या कुणाबरोबर नाही. तुला पायरी न् पायरी ठाऊक आहे."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. वर गेली तर पहिल्याच वळणावर पितळ उघडं पडणार. नाही गेली तर म्हातारी खालीच राहणार. आणि खरं सांगायचं तर तिसरी गोष्टही होतीच. त्या लाल कड्याकडं एकोणतीस वर्षं ती कशी बघत आलीय ते मला माहीत होतं.

"भात कोण बघणार? माकडं..." ती पुटपुटली.

"मी बघतो," बसखालच्या चटईवरून सुगत म्हणाला.

"तू? तू झोपलास तर माकडं तुझ्या मिशा उपटून नेतील, तुला कळणार नाही."

"मग भातावर झोपतो, अक्का. जा तू. एकोणतीस वर्षं डाव तुझ्या हातात, एक दिवस माझ्या."

ती पदर खोचून निघाली. बुद्धपूजेचं पान कुठं आहे ते मात्र सुगतला तीनदा दाखवून.

मी मागे चालले होते. पहिल्या शंभर पायऱ्या आच्चीच विचारत होती, "आता काय येणार?" आणि अक्का सांगायची, "आता जिना येईल," नि वळण घेतलं की जिना यायचा. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. इतक्या जणांकडून गोळा केलेलं सगळं खरं निघत होतं! भिंतीवरच्या बायकांपुढं मात्र ती थांबली. मागच्यांनी ढकललं तरी हलेना. चित्रातल्या एकीच्या हातातल्या फुलाकडं बघत मला हळूच म्हणाली, "या देवळात निघाल्यात की नाही, मला आता खात्री नाही गं. एवढं नटून?"

"काय म्हणतेस?" आच्चीनं विचारलं.

"देवळातच, आच्ची."

सिंहाच्या पंजावर दोघींनी तळहात ठेवला. मग शेवटचा जिना, वारा, आणि माथा. अक्का तळ्याच्या काठी पोचली, पाण्यात बोटं बुडवली. "गार आहे," ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं. डोळे भरले होते तिचे. आमच्या आधी पोचलेले वीस-पंचवीस जण भोवती जमले. अक्कानं आच्चीला खांद्याला धरून दक्षिणेकडं वळवलं.

"बघ. समुद्र."

आणि मग स्वतः पाहिलं.

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. रान, तळी, डोंगर. अक्कानं डोळ्यांवर हात धरला. थोडी डावीकडं वळली, थोडी उजवीकडं.

"अगं, कुठल्या बाजूला दिसतो?" तिनं मला विचारलं. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. आणि विचारल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं.

कुणीही म्हणालं नाही की अक्का, म्हणजे तू कधी आलीच नव्हतीस? सगळे आपल्या पायांकडं बघत होते. शेवटी टपाल कचेरीतली चंद्रा म्हणाली, "अक्का, मी सहा वेळा आले. मला कधीच दिसला नाही. वाटलं, आपल्यालाच चष्मा लागला."

"मला वाटलं, पुण्य कमी पडतंय," दुसरी म्हणाली.

"मी तर घरी सांगितलं की दिसला," तिसरा म्हणाला. "माझ्या भावानं सांगितलं त्यालाही दिसला!"

"मग मला हे सांगितलं कुणी?" अक्का म्हणाली, आणि तिचं तिलाच आठवलं. पहिल्या वर्षी, तरुण, नुकताच शाळेवर लागलेला पियदास मास्तर. आता निवृत्त झालेले मास्तर एवढ्यात छत्री घेऊन, आमच्या गर्दीतून निसटून जिन्याशी पोचलेसुद्धा होते.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आच्चीला माझ्यावर सोपवून अक्का त्यांच्या मागं उतरली. गाठलं ते थेट सिंहाच्या पंजांशी. तिथं ओरडायची सोय नाही. वर पोळी लोंबताहेत, रखवालदार ओठांवर बोट ठेवून उभा. आम्ही पोचलो तेव्हा अक्का अगदी कुजबुजत्या आवाजात त्यांची खरडपट्टी काढत होती.

"मास्तर, शाळेत मुलांना भूगोल तुम्हीच शिकवत होता ना?"

"अगं, त्या दिवशी तू भाताजवळ बसून रडत होतीस," मास्तरही कुजबुजले. "काहीतरी गोड सांगावं म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बसमध्ये तू सगळ्यांना सांगितलंस. मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"एकोणतीस वर्षं?"

"दरवर्षी जास्तच अवघड होत गेलं."

अक्काचा हात वर गेला, मला वाटलं आता छत्री ओढते. तसाच तोंडावर गेला. खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता. मग चंद्रा, मग सगळे, पदर आणि टोप्या तोंडात कोंबून. रखवालदारसुद्धा पाठ फिरवून उभा राहिला. आच्चीनं तेवढ्यात माझ्या कानात सांगितलं, "मला दिसला. पण आता बोलत नाही. मास्तरांना शिक्षा होऊ दे."

खाली उतरलो तर सुगत भाताच्या झाकणावर मांडी घालून बसला होता, हातात डाव, पायात एकच चप्पल. केळ्यांचा घड गेला होता. पापड गेले होते. भात होता, आणि त्याच्या मांडीवर, काही सांडू नये अशा जपणुकीनं धरलेलं बुद्धपूजेचं पान. अक्कानं ते दोन्ही हातांनी घेतलं, झाडाखाली ठेवलं, कपाळ टेकवलं. नेहमीपेक्षा बराच वेळ टेकवलं.

कँडीच्या रस्त्याला लागलो तशी अक्का आमच्याकडं पाठ करून बसली. आता ती पुढचं वर्णन करणार की नाही, याची सगळ्यांना धास्ती. शेवटी मास्तरांनीच मागून विचारलं, "यसावती, दळदा मालिगाव्यात आत गेल्यावर काय काय आहे?"

ती आमच्याकडं वळली. "मला काय माहीत? मी कधी आत गेलेय?" ती म्हणाली. "उद्या बघते आणि सांगते." मग ड्रायव्हरला म्हणाली, "सुगत, उद्या दुसरी चप्पल कुणाची तरी मागून घे. झाकणावर बसायचंय तुला."