चिंचोक्याची पिशवी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत दुसरा झालेला नाही, आणि ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एकदा ठाकुर्लीला मामांच्या गॅलरीत डोकावून यावं. तिथे कपडे वाळत नाहीत. जुन्या शोकेसच्या काचा ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांवर चिंचोक्याच्या पिठाची खळ आणि पाण्यात विरघळणारं कारखान्यातलं प्लास्टिक यांचं मिश्रण पातळ पसरून वाळत असतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत असताना मामांनी या मिश्रणापासून मातीत मुरणाऱ्या पिशव्या करायची कल्पना साहेबांपुढे मांडली होती. "अहो, खळ कपड्यांना लावतात, तिच्या पिशव्या होत नसतात," असं म्हणून साहेब हसले. झालं! रिटायर झाल्यापासून मामांची नऊ वर्षं त्या हसण्याला उत्तर देण्यात गेली.

नुसता चिंचोका असला तर पापडासारखा मोडतो, प्लास्टिक जास्त झालं तर ते मातीत मुरायलाच तयार नाही. "दोघांचा संसार जमवायचाय," मामा म्हणतात. ग्लिसरीनने काचेवर वाळलेला पातळ पापुद्रा, म्हणजे मामांची फिल्म, मऊ होते, लिंबूसत्त्वाने पाण्याला चटकन दाद देत नाही. जेवताना ताटावर फिल्मची पट्टी टांगून, ती किती वेळ तग धरते ते बघायला, तिला खलबत्त्यातला बत्ता लोंबकळत ठेवलेला असतो. तो आमटीत पडला की मामा आधी घड्याळ बघतात, मग शर्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी काचेवरची एक चकती तांदळाची ओली फेणी समजून खाल्ली. मामी घाबरल्या. मामांनी विचारलं, "जावईबापू, चावताना ताणली किती गेली?"

लोक हसतात त्यांना. हसू देत खुशाल! हसणाऱ्यांपैकी एकाने तरी एखादी गोष्ट नऊ वर्षं धरून ठेवल्याचं मला दाखवावं, मग बोलू.

पण गेल्या महिन्यात मामींचाच संयम संपला. "मला माझी गॅलरी हवीय. ओला पालक तुमच्या पिशवीतून बाजारापासून तिसऱ्या मजल्यावर आला, तर काचा राहतील. नाहीतर रविवारी भंगारवाला!"

"मंजूर! चांगला भिजवून घे!"

साक्षीदार म्हणून मी बरोबर होतो. पिशवीने रेल्वेचा पूल ओलांडला, दोन जिने चढले, आणि शेवटच्या जिन्यात सगळा पालक पायऱ्यांवर पसरला. मामा गुडघ्यांवर बसले. मला बघवेना हो. तेवढ्यात पिशवी उजेडात धरून ते ओरडले, "फिल्म शाबूत आहे! जोड सुटलाय, अगं, नुसता जोड!" पिशवीच्या कडा ते इस्त्री फिरवून चिकटवायचे. पण अट ती अट. "ने काचा," मामा म्हणाले. "मी ताटांवर ओतीन!"

मामी मामांच्या हाताकडे बघत होत्या. हात थरथरत होता. हल्ली तो थरथरतो आणि म्हणून इस्त्री वाकडी जाते, हे तोवर त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पालक वेचून पदरात घेतला.

"ताटं माझी आहेत, त्यांना हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "काचा राहू देत. पीठ तुम्ही शिजवा. इस्त्री उद्यापासून मी फिरवणार."

मामांनी पिशवी त्यांच्या हाती सोपवली. माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच.