पेटीला गोंगाट म्हणणारा लॅपटॉप

दुकानदार माझ्या मुलाशी बोलत होता. लॅपटॉप मला घ्यायचा होता, पैसे माझे होते, आणि हा भला माणूस माझ्या डोक्यावरून मुलाला विचारत होता, "आजींना काय, नुसतं व्हिडिओ कॉलपुरतंच लागणार ना?"

मी म्हटलं, "अहो, आजी इथेच उभ्या आहेत. त्यांना विचारा की."

मग विचारलं त्याने. मी सांगितलं, मी भजनं शिकवते. बायका आपापल्या घरी बसून लॅपटॉपवर येतात, मी माझ्या घरी पेटी घेऊन बसते. पेटी म्हणजे हार्मोनियम, पैशाची नव्हे, नाहीतर पुन्हा गैरसमज. "तुमच्याकडचा सगळ्यात हलका दाखवा," म्हटलं. त्याने शाळेच्या पाटीसारखा पातळ, करड्या रंगाचा एक काढला. एका हाताने उचलून पाहिला. मेथीच्या दोन जुड्यांचं ओझं, फार तर.

"आई, पातळ म्हणजे नाजूक," मुलगा म्हणाला. "जरा जाड, दणकट घे. तुला कुठे रोज ऑफिसला न्यायचाय?"

"ऑफिसला नाही, हडपसरला न्यायचाय."

हे हडपसरचं सांगते. आमचे हे गेल्यापासून मी काही महिने बिबवेवाडीत मुलाकडे असते, काही महिने हडपसरला मुलीकडे. दोघंही प्रेमाने ठेवतात, त्यात खोट नाही. पण माझा क्लास चालायचा तो मुलाच्या ऑफिसातून निघालेल्या जुन्या लॅपटॉपवर. तो असा जड, की स्वारगेटला बस बदलताना माझं एकदा मोडून जुळलेलं मनगट रडायला लागायचं. शिवाय त्याची बॅटरी कधीच मेलेली, भिंतीला बांधलेल्या गाईसारखा तो सदा वायरीला. मागच्या खेपेला कंटाळून मी तो इथेच ठेवून गेले आणि माझा क्लास जो बंद पडला तो परत येईपर्यंत बंदच. मुलीला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "बरं झालं, आराम कर." सत्तरी ओलांडली की बाईच्या पानात सगळे आराम वाढत सुटतात, नको म्हटलं तरी. मी परत आले तोवर दोन शिष्या गळाल्या होत्या. तेव्हाच ठरवलं, की मी ज्या घरात असेन त्या घरात क्लास झाला पाहिजे. तो मुलाच्या घरचा नाही, मुलीच्या घरचा नाही, माझा आहे. म्हणून हलका लॅपटॉप. मुलाने तोंड वाकडं केलं, पण बिल माझ्या नावावर झालं. दुकानदाराने सांगून ठेवलं, नाही पटला तर आठवड्याच्या आत खोक्यासकट परत आणा.

घरी आणून मी त्याची बारकाईने पाहणी केली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आम्ही बायका करतो ना, तशी. पडदा एका बोटाने उघडतो आणि खालचं अंग जागचं हलत नाही, हे पहिलं आवडलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना अक्षरं लख्ख दिसतात, पण पडदा असा चकचकीत की मागची ट्यूबलाइट आणि माझं तोंडही दिसतं, आणि स्वतःचं तोंड बघत 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायची मला सवय नाही. वीज गेली तरी क्लास आरामात पार पडतो. आत पंखा नाही, म्हणून चूप असतो, मात्र खालून तापतो. बटणं इतकी उथळ, की दाबलं का नुसतं गोंजारलं ते बोटाला कळत नाही. भोकं दोनच, तीही चिमुकली. माझी सगळी भजनं पेनड्राइव्हवर आहेत, तो जायलाच तयार नाही. त्याच्यासाठी मधे जोडायची वेगळी शेपटी आणावी लागली, ती सध्या देवाच्या डबीत ठेवते म्हणजे सापडते. आवाज त्याच्या पोटातून येतो, त्यामुळे गादीवर ठेवला की तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलतो. मग मी पोळपाट घेतला, त्यावर ठेवला. लाकूड, खाली पोकळी, बघा कसा मोकळा बोलायला लागला! सुनेला मात्र पोळ्यांसाठी दुसरा पोळपाट आणावा लागला.

पहिल्या दिवशी क्लासला बसले. सूर धरला, ओळ म्हटली, आणि नागपूरच्या माझ्या शिष्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत त्या, एकदम म्हणाल्या, "काकू, पेटी तर वाजूनच नाही राहिली!"

"अहो, वाजतेय की."

"तुमचा हात हलून राहिला दिसतो. आवाज नाही."

बाकीच्याही म्हणाल्या, पेटी नाही. त्यावर कोथरूडची एक म्हणाली, "आणि काकू, तुम्ही सूर लांबवलात की तोही मधेच गायब होतो." मी दुप्पट जोराने भाता मारला. काही नाही. सगळ्या जणी माझ्याकडे सहानुभूतीने बघत होत्या, जणू माझंच काहीतरी बिघडलंय.

मुलगा म्हणाला, "सांगितलं होतं. परत देऊन टाकू."

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, निम्मे दिवस घरूनच काम करते. तिने खाटखुट केलं आणि म्हणाली, "आई, बिघडलेला नाही. यात गोंगाट गाळायची सोय आहे. एकसारखा चालणारा आवाज आला की याला वाटतं पंखा असेल, मिक्सर असेल. तो काढून टाकतो आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतो."

"म्हणजे माझी पेटी गोंगाट?"

"त्याच्या मते."

माझं डोकंच फिरलं. मी कोणा गुरूकडे शिकलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा भिंतीपलीकडे एक बाई संध्याकाळी पेटी वाजवायच्या. आमच्या घरात त्याला कटकट म्हणत आणि खिडकी लावून घेत. मी पोळ्या लाटता लाटता ती बंद खिडकीतून येईल तेवढी ऐकायची आणि कणकेच्या हातानेच ओट्यावर बोटं चालवायची. तेवढ्यावर माझं सगळं शिक्षण. आणि आता हा कालचा पाटीएवढा जीव मला सांगणार, यातलं काय ऐकायचं आणि काय गाळायचं? "कुठे आहे ते बटण?" म्हटलं. "बंद कर आधी."

"करते. पण मग सगळंच ऐकू येईल हं."

"येऊ दे."

आलं. जुना लॅपटॉप कानाने अधू होता, समोरची मी आणि पेटी, याच्यापुढे त्याला काही कळत नसे. याचे कान मात्र तिखट. दुसऱ्या क्लासला पेटी छान गेली, तिच्यामागे आमचा कुकरही गेला. भजन रंगात आलं होतं, आणि नागपूरच्या बाई हात वर करून म्हणाल्या, "काकू, तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करा!" मग आमच्या चिरंजिवांनी आतून आरोळी ठोकली, "माझा टॉवेल कुठंय?" ती कोथरूड, नागपूर, सगळीकडे पोचली. एका शिष्येने उत्तरही दिलं, "गॅलरीत बघा!"

मुलगा लाल झाला. "आई, हे नाही चालणार. हा परत जाणार."

उपाय करून पाहिले. तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन लावला तर मला माझीच पेटी नीट ऐकू येईना. आतल्या खोलीत बसावं तर तिथे सुनेच्या मीटिंगा. परतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मुलगा सकाळीच खोकं आणि चिकटपट्टी घेऊन पोह्यांच्या ताटलीशेजारी बसला.

"जाड घेऊ, आई. कमी ऐकणारा."

"आणि तो हडपसरला कोण नेणार?"

"मी सोडीन ना गाडीने."

"तुला सवड होईल तेव्हा. म्हणजे क्लास तुझ्या सवडीवर. नको."

"अगं, पण यात दोष आहेत हे तूच म्हणतेस!"

"आहेत. बटणं उथळ आहेत, भोकं कमी आहेत, पडदा आरसा आहे. पण ऐकू येण्यात त्याचा दोष नाही. कुकर आपला, मिक्सर आपला, टॉवेल तुझा. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं." मी पोह्यांची ताटली बाजूला केली. "आजवर घरातले आवाज थांबले की मधल्या फटीत मी गाऊन घेतलं. आता क्लासच्या तासाला कुकर नाही, मिक्सर नाही, टॉवेल ज्याचा त्याने आधी घ्यायचा."

सून खाली मान घालून हसत होती. मुलगा म्हणाला, "म्हणजे लॅपटॉप पातळ आणि नियम जाड."

"हो. आणि नियमाला परतीची मुदत नाही."

त्याने चिकटपट्टी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. 'तुझं बरोबर' म्हणणं पुणेरी रक्तात नाही. पण दुपारी क्लासच्या वेळी पाणी प्यायला आला तेव्हा चपला हातात घेऊन आला. खोबऱ्याची चटणी वाटायची राहिली, संध्याकाळी इडल्या तेल-तिखटाबरोबर खाल्ल्या सगळ्यांनी. मला गोड लागल्या.

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येतेय. लॅपटॉप घेऊन. दुपारी चार ते पाच तुझं कपड्यांचं मशीन लावायचं नाही, आणि जावईबापूंना सांग, त्या वेळात टीव्हीवरची मॅच आवाज बंद करून."

मुलगी म्हणाली, "आई, तू राहायला येतेयस का नोटीस पाठवतेयस?"

"दोन्ही," मी म्हटलं.