दुपारचा एक तास

बाबांच्या तेराव्याला एक अनोळखी बाई आमच्यापेक्षा जास्त रडत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षी, नव्वदीत, बाबा महिनाभर रोज दुपारी तासभर बाहेर जात. कुठे, ते सांगत नसत. साठ वर्षांचा संसार, आम्हा मुलांवर जीव टाकणारा माणूस. पण वडील म्हणून ओळखलेला माणूस नवरा म्हणून आपल्याला कितीसा ठाऊक असतो?

न राहवून मी विचारलंच, "तुम्ही कोण?"

"कोपऱ्यावर माझं पार्लर आहे. काकूंचा हात लुळा पडल्यावर काका माझ्याकडे वेणी घालायला शिकायला यायचे."

आत आई विस्कटलेल्या केसांनी बसली होती. मी कंगवा घेतला.

"हळू," ती म्हणाली. "त्यांनाही पहिल्यांदा जमलं नव्हतं."