पाऊण सिनेमा

तुमचा आवडता सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं की मी आधी एक शिवी गिळते आणि मग उत्तर देते. कारण माझे सगळे आवडते सिनेमे मी पाऊणच पाहिलेत. उरलेला पाव माझ्या चुलतभावाने मला सांगितला, आणि तो सगळाच्या सगळा खोटा होता.

हे कळायला आधी आमची गाडी कळायला हवी. ऐंशीच्या दशकात अमळनेर आणि आमचं गाव यांच्यात दिवसाला दोनच एसट्या होत्या. एक सकाळची, आणि दुसरी संध्याकाळी गावात येऊन तिथेच थांबायची म्हणून ती मुक्कामी गाडी. मुक्कामी गाडी पावणेसहाला स्टँडवरून सुटायची. तीनचा सिनेमा सुटायचा सव्वासहाला. बाजाराच्या दिवशी आई, काकू आणि मी बाजार उरकून, मिरच्या-भाज्यांच्या पिशव्या पायाशी घेऊन थिएटरात बायकांच्या बाजूला बसायचो. साडेपाच वाजले की डोअरकीपर टॉर्च घेऊन आत यायचा आणि पडद्यावर काय चाललंय याची पर्वा न करता ओरडायचा, "मुक्कामी गाडीवाले, उठा!"

निम्मं थिएटर उठायचं. कोणी कुरकुर करायचं नाही, आम्हाला ते देवाच्या आरतीइतकं अंगवळणी पडलं होतं. नायक मरतोय की वाचतोय हे न कळता बाया पिशव्या उचलायच्या. मी मात्र दारापर्यंत उलटी चालायचे, डोळे पडद्यावर ठेवून. एकदा अशीच एका म्हाताऱ्याच्या मांडीवर जाऊन बसले. तो म्हणाला, "बठ माय, बठ," आणि पुन्हा सिनेमा पाहू लागला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला गाडी नव्हती.

गाडी काकूच्या मुलालाही नव्हती. तो माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, मी त्याला भाऊ म्हणायचे. मुलगा म्हणून त्याला अमळनेरच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. मुलगी म्हणून मला रोज सकाळच्या गाडीने कॉलेजला जाऊन मुक्कामीने परत यायचं होतं. तो पुरुषांच्या बाजूला बसून सिनेमा शेवटपर्यंत पाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सायकल स्टँडजवळ मला शेवट सांगायचा. गावातल्या मुली शहरातल्या मुलींना असलं काही विचारत नसत. विचारलं की त्या "गाडीवाल्या" म्हणून फिदीफिदी हसायच्या. म्हणून मला एकटा भाऊच होता.

आणि काय सांगायचा! एक दरोडेखोरांचा सिनेमा होता. नायकाचा बाप मारलेला, गाव जाळलेलं, आणि शेवटी दरोडेखोर नायकाच्या आईच्या पायाशी पडलेला. आईच्या हातात कुऱ्हाड. तेवढ्यात टॉर्च. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "मायनी कुऱ्हाड फेकी दिनी. त्याले पानी दिनं. म्हने, आधी पी, मंग ज्यास्नी घरं तू जायी, त्यास्ना दारे तूच चालत जाय." ज्यांची घरं जाळली, त्यांच्याच दारी! मी सायकल स्टँडवर सगळ्यांदेखत रडले. मारामारीच्या सिनेमांचा मला तिटकारा होता, पण त्या दिवसापासून ते मी जीव लावून पाहू लागले.

रहस्यपट असाच. डोंगरावरच्या बंगल्यात एकेक माणूस मरतोय, सगळ्यांचा संशय माळ्यावर. भावाच्या शेवटात खुनी निघाला म्हातारा कंपाउंडर, जो सुरुवातीपासून सगळ्यांना प्रेमाने औषध पाजत होता. आठ दिवस मला आमच्या गावच्या कंपाउंडरच्या हातून गोळी घ्यायची भीती वाटत होती. भुताच्या सिनेमात विहिरीतून येणारा आवाज भुताचा नव्हताच, घरच्यांनी विसरलेल्या एका सुनेचा होता. ती आत बसून फक्त आपलं नाव घेत होती. प्रेमपटात नायक बारा वर्षांनी परत येतो, नायिका दारातच भेटते आणि त्यालाच पत्ता विचारते, कारण तिने त्याला ओळखलेलं नसतं. तो तिला पत्ता सांगतो आणि निघून जातो. हे ऐकलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मला वाटायचं, हिंदी सिनेमावाले किती शहाणे लोक आहेत!

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना जळगावच्या एका दैनिकाने जाहिरात दिली. रविवारच्या पुरवणीत सिनेमावर दर आठवड्याला लिहायला माणूस हवा होता, नमुन्याचे तीन लेख पाठवायचे होते. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मी ते तीन लेख तीन आठवडे लिहिले. दरोडेखोर, बंगला आणि ती दारातली नायिका. पाठवण्याआधी भावाला वाचायला दिले. त्याने सायकलला टेकून सगळे वाचले. माझ्या प्रत्येक लेखाचा शेवट त्याच्याच थापेवर उभा होता, आणि तो ते वाचत होता. मग कागद परत देत म्हणाला, "झकास. एक अक्षर बदलू नको."

जळगावहून बोलावणं आलं तेव्हा मी वडिलांना, आबांना, सोबत घेऊन पॅसेंजरने गेले. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यांना सिनेमाचं काडीचं कौतुक नव्हतं, पण मुलीला पेपरवाल्यांनी बोलावलं याचं होतं. पुरवणीचे संपादक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, लिहिता तुम्ही बरं. पण हे सिनेमे पाहिलेत का? आई दरोडेखोराला पाणी पाजते? त्याला पोलीस धरून नेतात. आणि खुनी कंपाउंडर कुठला? तो नायकाचा जुळा भाऊ असतो." बाजूच्या टेबलांवरची माणसं हसायला लागली. एकाने तर खुर्ची वळवून घेतली, नीट हसता यावं म्हणून. बाकावर बसलेल्या आबांनी सगळं ऐकलं. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "खोटं लिहिलंस. चारचौघांत माझी मान खाली गेली." मी त्यांना गाडीचं, टॉर्चचं, भावाचं काही सांगू शकले नाही. मी शेवट न पाहताच लिहिलं, हे तर खरंच होतं.

भावाला जाब विचारला तेव्हा तो मित्रांमध्ये उभा होता. "अव, तू बठ्ठं खरं मानी लिनं? गंमत व्हती ती." मी सगळं खरं मानलं म्हणून मित्रही हसले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. दोन महिन्यांनी पुरवणीत सिनेमाचं सदर सुरू झालं, वर फोटोसह. फोटो भावाचा होता. मी लेख वाचायला दिले त्याच दिवशी त्यानेही आपले तीन लेख पाठवून दिले होते, आणि त्यातले शेवट अर्थातच खरे होते.

त्याच उन्हाळ्यात आबांनी माझं लग्न उरकलं. मला धुळ्याला, देवपुरात दिलं. मी डूख धरला तो तेव्हा. साप डूख धरतो म्हणतात, पण सापाला संसार नसतो. मला सासू, दोन मुलं आणि मास्तर नवरा सांभाळून डूख जपायचा होता. तो मी जपला.

देवपुरात एक सुख होतं: गाडी नव्हती. नवरा शाळेत, मुलं शाळेत, आणि मी पांझरा नदी ओलांडून बाराच्या खेळाला. पहिल्यांदा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला तेव्हा दिवे लागल्यावरही मी बसून राहिले, कोणीतरी उठवेल म्हणून. पुढे गल्लीत व्हिडिओ लायब्ररी आली. मी जुने सिनेमे एकेक करून आणले आणि माझे चोरलेले शेवट पाहिले. पोलीस. जुळा भाऊ. भुताच्या डोक्यावर वीज. दारातली नायिका नायकाला पाहताच गाणं म्हणते आणि वरातच निघते. खरं सांगते, फिके वाटले. मी कॅसेटी दुसऱ्याच दिवशी परत केल्या आणि हा विचार मनातून झटकून टाकला. चोराची शिवण चांगली होती म्हणून चोरलेलं कापड त्याचं होत नाही.

नव्वदच्या दशकात भावाने जळगावात ठिबक सिंचनाची एजन्सी घेतली. केळीवाले शेतकरी रांग लावायचे. त्याला सिनेमा पाहायला वेळ उरला नाही, पण सदर आणि फोटो सोडवत नव्हता. एका शनिवारी त्याचा फोन आला. "बहीण, नवा सिनेमा पाह्यना का? शेवट काय शे?"

मी घाई केली नाही. मी त्याला खरा शेवट सांगितला. पुढच्या शनिवारीही खरा. दोन वर्षं मी त्याला दर शनिवारी खरंखुरं सांगितलं, कोण मेलं, कोण हसलं, कोणत्या गाण्याला लोकांनी पैसे उधळले. रविवारी माझीच वाक्यं त्याच्या फोटोखाली वाचली. त्याचा विश्वास मी म्हशीसारखा वाढवला, खुराक घालून.

मग तो कोर्टाचा सिनेमा आला. एका बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं असतं. ती स्वतः वकिली शिकते आणि आपली केस आपणच लढते. मला तो इतका आवडला की मी दोनदा पाहिला. शेवटी ती जिंकते, नवरा भर कोर्टात माफी मागतो आणि बायका टाळ्या पिटतात. मीही पिटल्या. शनिवारी फोन आला. मी म्हणाले, "भाऊ, लई वाईट शेवट शे. ती जिकस, पन कोर्टानी पायरीवर जहर पिस नि मरी जास."

रविवारी भावाने दिग्दर्शकाला फाडून खाल्लं. जिंकलेल्या स्त्रीला विष पाजणारा हा कसला सिनेमा, असा सवाल केला. सोमवारी जळगावातल्या एका महिला मंडळाच्या बायका पेपरच्या कचेरीत गेल्या. त्यांनी सिनेमा गटाने पाहिला होता. थिएटरवाला वेगळाच भडकला, कारण बाई मरते तो सिनेमा म्हणून बायकांनी येणंच थांबवलं होतं. पुढच्या रविवारी सदराच्या जागी दिलगिरीची चौकट होती, आणि फोटो नव्हता. त्याच्याकडे पाहूनही लोक हसले असणार, खुर्च्या वळवून. मी त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं आणि पोटभर जेवले. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

पुढच्याच महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि लेकीला आणायला माहेरचा भाऊ मुराळी म्हणून येतो. मला सख्खा भाऊ नाही. दरवर्षी हाच यायचा. या वर्षी येतो की नाही, याची मला खात्री नव्हती. आला. जीप दाराशी लावून ओसरीवर बसला. तरी मी बॅग भरून, मुलांना तयार करून ठेवलं होतं, आणि भांडणही तयार ठेवलं होतं. शब्द न् शब्द. बारा वर्षं घोकलेलं.

त्याने बॅग जीपमध्ये ठेवली, चहा घेतला. सदराचं नावही काढलं नाही. मग बशी खाली ठेवून, एखादा कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहत म्हणाला, "एक इचारू? बाईले जहर काबरं पाजं तू?"

मी त्याची बशी उचलली.

"तिले मारानी गरज नव्हती," तो म्हणाला. "ती केस जिकस. घर येस. पदर खोसस नि भाकरी थापाले बठस. घरमा कोनी तिले इचारत नही, केसनं काय व्हयनं. असं सांगती ना तू, तं कोनी पकडतं नही. बाया तं मुळीच नही."

माझ्या अंगाची आग आग झाली. तो शेवट बरोबर होता. माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर बसून त्याने तो मला सांगितला होता, जिथे बारा वर्षांत मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं की जळगावला त्या दिवशी काय झालं. तो मला सुचायला हवा होता. माझी थाप चार दिवस टिकली नाही, त्याच्या थापा मी वर्षानुवर्षं उराशी धरून बसले होते. सूड घेऊनही हिशोबात माझी बाजू रिकामीच राहिली, आणि त्यासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

"मी येत नाही," मी म्हणाले. मुलं रडायला लागली. मी जीपमधली बॅग स्वतः काढून आणली.

तो उठला, चपला घातल्या. माझी आई, म्हणजे त्याची काकू, तिकडे माहेरी गौराई मांडून बसली होती. त्याने पायरीवरून वळून विचारलं, "काकूले काय सांगू?"

"सांग काहीतरी," मी म्हणाले. "तुले जमस."

त्याने आईला काय सांगितलं मला माहीत नाही. आईने मला त्याबद्दल कधी एका शब्दानेही विचारलं नाही.