घरातून न लागणारा पत्ता

माझा थोरला भाऊ वारला तेव्हा घोडेगावात ब्रॉडबँड येऊन फार दिवस झाले नव्हते. तो एसटी स्टँडसमोरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायचा. मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो.

घरात धान्याच्या कोठीशेजारी त्यानं एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. नुसता डबा. वीज गेली की बॅटरीवर चालायचा आणि वीज आली की तसाच घुमत राहायचा. त्या डब्यात ‘गावची खबर’ असायची. भाऊ रोज सकाळी छोट्या रेकॉर्डरवर थोडा वेळ बोलायचा. डिंभ्याची गाडी आली का, नदीला पाणी सोडलं का, महाळुंगे पडवळला कुणाचं लग्न आहे, कोण दवाखान्यात आहे, कोण गेलं. मग रेकॉर्डर खिशात घालून क्लासला जायचा आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून ते बोलणं तारेनं परत आमच्या घरातल्या डब्यात पाठवून रेकॉर्डर पुसून टाकायचा. जी वस्तू घरातच ठेवायची ती स्टँडपर्यंत कशाला न्यायची, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, तसंच जमतं.

आमच्या घराला इंटरनेटवर एक पत्ता मिळाला होता. तो टाकला की गाव सोडून गेलेली माणसं मुंबईत, पुण्यात बसून खबर ऐकत. एक जण मस्कतहून ऐकायचा आणि गाडी उशिरा आल्याबद्दल तिकडून चिडायचा. मी ग्रंथालयात कपाटं उघडण्याआधी ऐकायचो.

ऐकली नव्हती ती फक्त आईनं.

“साऱ्या जगाला ऐकिवतो आन् मला न्हाई,” ती म्हणायची.

“तू तर हितंच असती. तुला खबर कशाला पायजे?” तो म्हणायचा. हे उत्तर मला त्या वेळी पटलं होतं.

तो गेला ती खबर द्यायला कोणी नव्हतं, त्यामुळे लोकांना फोन करून कळवावं लागलं. अग्नी मी दिला. नंतरचे दिवस सतरंजीवर बसून काढायचे होते. येणारे येत, बसत, चहाला नको म्हणत आणि जात. एका दुपारी घर जरा रिकामं झालं तेव्हा आई म्हणाली, “त्याचा आवाज त्या डब्यात हाय ना? मला ऐकीव. दहाव्यापतूर तो घरात असतो. मंग गेला म्हंजी गेला.”

मी कॉलेजचा लॅपटॉप आणला होता. तो घरातल्या राऊटरला जोडला आणि रोजचा पत्ता टाकला. खबर आली नाही. एक करडं पान आलं. त्यानं माझं नाव विचारलं आणि पासवर्ड विचारला. मी भावाचं नाव टाकून पाहिलं. चूक आहे म्हणालं. आमचं आडनाव टाकलं. तेही चूक निघालं.

“काय म्हनतोय?” आईनं विचारलं.

“तुम्ही कोण म्हणून विचारतोय.”

“सांग की मंग.”

चुलतभाऊ मागून बघत होता. दहाव्याच्या पाहुण्यांची व्यवस्था त्याच्याकडे होती. तो म्हणाला, “डबा मेलाय रं. उगं लाइट खातोय. काढून पोत्यात घालतो, दोन मान्सं बसतील तिथं.”

“आवाज ऐकल्याबिगर हात लावायचा न्हाई,” आई म्हणाली. त्यानं पोतं कोठीवर ठेवलं आणि तो मंडपवाल्याकडे गेला.

संध्याकाळी मुंबईहून मामांचा फोन आला. विचारपूस झाल्यावर ते म्हणाले, “आजबी खबर लावली व्हती रं. जुनीच हाय म्हना. पन आंघुळीनंतर सवय झालीया.”

म्हणजे डबा जिवंत होता. मुंबईत बोलत होता आणि ज्या घरात होता तिथं गप्प होता. मी क्लासच्या मालकाला फोन लावला. तो भावाचा मित्र. बोलायला मोकळा माणूस.

“करडं पान आलं ना? तो तुमचा राऊटर,” तो म्हणाला. “राऊटर म्हंजी दारावर बसवलेला मानूस समजा. भायेरचं कोनी आलं की तो बरूबर डब्याकडं धाडतो. पन घरातल्यानंच भायेरचा पत्ता इचारला, की त्याला वाटतं मलाच हाक मारली. मंग सोताच फुडं येऊन हुबा ऱ्हातो.”

“मग घरातल्यानं करायचं काय?”

“काही राऊटरला दारापतूर जाऊन परत आत वळता येतं. ह्याला न्हाई येत. स्वस्तातला हाय. न्हाईतर आतला येगळा पत्ता लागतो. ते त्यालाबी जमलं न्हाई. आन् पासवर्ड तर तोच घिऊन गेला.”

भाऊ खबर स्टँडवरून का पाठवायचा आणि आईला ऐकवायला नकार का द्यायचा, ते मला तेव्हा कळलं. भावाला घरातून खबर लावायला जमलं नव्हतं, एवढंच. तसं सांगण्यापेक्षा तुला खबर कशाला म्हणणं सोपं होतं.

“तुमी आईला घिऊन हितं या. हितं झकास लागतं,” मालक म्हणाला.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, सुतकात कुणाचा उंबरा चढायचा नसतो. मी ते फोनवर कळवलं.

“काकूला म्हनावं, माज्या क्लासला उंबराच न्हाई. शटर हाय.”

“शटर म्हंजी उंबराच,” आई म्हणाली.

मी तेही मालकाला कळवलं. मग तो म्हणाला, “बरं, मंग फोन काकूकडं द्या. मी हितं स्पीकरवर लावतो आन् फोन म्होरं धरतो.”

आई डब्याकडे पाठ करून बसली होती. हात मागं केला असता तर तिला तो लागला असता. भावाचा आवाज त्या डब्यातून निघाला, टेलिफोनच्या तारेनं स्टँडवर गेला आणि त्याच तारेनं परत येऊन तिच्या कानात शिरला. मी रिसीव्हरला कान लावून वाकलो होतो.

“नमस्कार. मी घोडेगावहून बोलत आहे. डिंभे येथे जाणारी सकाळची गाडी आज सुटलेली नाही. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.”

आईनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. “ह्यो कोन सायेब हाय? माजा कुटं हाय?”

“तोच आहे आई.”

“आमचा असा बोलत न्हाई.”

ते खरं होतं. मला रोज ऐकूनही ते जाणवलं नव्हतं, कारण पुण्यात मीही तसाच बोलतो. मी रिसीव्हर परत तिच्या कानाशी धरला आणि मालकानं दुसरी खबर लावली. त्यातही साहेबच होता. पुढच्या खबरीत नदीला पाणी सोडल्याचं चाललं होतं. मी आईकडे बघायचं टाळलं. वाक्याच्या मध्येच मागं भांडं वाजलं आणि लांबून एक बाई ओरडली, “आरं ए, च्या गार व्हतोय! एकलाच कुनाशी बोलतुयास?”

“आलू गं. जरा थांब की,” भाऊ म्हणाला आणि मग पुन्हा सावरून, “शेतकऱ्यांनी नदीतील पाण्याच्या मोटारी काढून घ्याव्यात.”

त्यानं ते कापलं नव्हतं. मुंबईनं ऐकलं असणार, मस्कतनंही.

आई सरळ झाली. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. “आलू म्हनतूस आन् येत न्हाईस,” ती जोरात म्हणाली. “दर येळंला परत तापवायचा च्या!”

पलीकडे खबर संपली होती. मालकानंच उत्तर दिलं. “येतो काकू,” तो म्हणाला.

“तू न्हाई रं,” आई म्हणाली. “ते च्याचं परत लाव.”

त्यानं लावलं. तेवढ्यात चुलतभाऊ आला, कोठीवरचं पोतं झटकलं आणि डबा आता काढू का म्हणून विचारू लागला. आईनं त्याला हातानंच गप्प केलं.

“दम धर,” ती म्हणाली. “बोलतुया तो.”